मगर ओळखीची नसते

रविवारची मिस्सा संपली की साडेनऊला
रेल्वे कॉलनीमागच्या हॉलमध्ये माझा वर्ग.
अकरा मुलं, दोन पंखे, पैकी एक चालतो.
बाहेर लारीवर सेव-उसळीचा रस्सा उकळत असतो
आणि प्रार्थनेच्या मधोमध सगळ्यांची नाकं तिकडे वळतात.

खाकी कागदावर मी एक मूल काढलं.
डोळे, कान; हात जरा लांबच झाले.
‘टीचर, हे तर माकड,’ एव्हरिस्ट म्हणाला.
असू दे. माकडाचं अंगही माकडाचंच असतं.
हे अंग दिलं कोणी?
‘देवानं.’ ते पाठ आहे.
मग आहे कोणाचं?
‘देवाचं,’ एक म्हणाला. ‘मम्मीचं,’ दुसरी.
‘माझं’ कोणालाच सुचलं नाही.

पॅरिश कौन्सिलमध्ये तुस्कानो अंकल म्हणाले होते,
एवढ्याशा पोरांना हे कशाला,
आधी दहा आज्ञा तरी नीट येऊ देत.
फादर ऑस्करनी नुसता चष्मा पुसला.
सोमवारी सुतार बोलावला
आणि साक्रिस्तीच्या जुन्या सागवानी दाराला
चौकोन कापून काच बसवून घेतली.

मग मी मगर काढली. विश्वामित्रीची.
मगर म्हटलं की बडोद्याची पोरं सरसावून बसतात.
सोसायटीत मगर शिरली तर काय कराल?
‘बूम पाडू!’ ‘पळू!’ ‘वॉचमनला सांगू!’ ‘पप्पांना!’
पप्पांना खरं वाटलं नाही तर?
‘मग आजीला!’ ‘मग पोलिसांना!’ ‘मग सगळ्यांना!’
आणि मगर म्हणाली, हे आपलं गुपित, तर?
खो खो हसले.
मगर आली ती तुमची चूक?
‘ना!’
अकरा तोंडांचा एक ना, छताला लागून परत आला.
झाला धडा, मी मनात म्हटलं, खडू ठेवला.

तेव्हा जोविता, पुढचे दोन दात पडलेली,
बाकाच्या कडेशी बोलल्यासारखी म्हणाली,
‘पण टीचर, मगर ओळखीची नसते.
मगरीला माझं नाव माहीत नसतं.
मगर चॉकलेट आणत नाही.’

पंखा फिरत राहिला. जो चालतो तो.

सगळ्यांसमोर मी तिला काही विचारलं नाही.
वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात, उघड्यावर,
सिस्टर लुसिया शेजारी बसलेली असताना,
तिला हवं तेवढं तिनं सांगितलं.
ज्यांना कळायला हवं त्यांना त्याच दिवशी कळलं.
ते या कवितेत येणार नाही.

मीही एकदा सात वर्षांची होते.
आईबापाचा मान राख, मलाही पाठ होतं,
आणि मी त्यात काका, मामा, शेजारी,
सगळे मोजले होते.

पुढच्या रविवारी मगर काढली नाही.
गाब्रिएल दूताचं चित्र टांगलं, कोपरा फाटलेलं.
दूत मरियेकडे आला. आधी काय केलं?
‘नमस्कार.’
मग?
‘निरोप सांगितला.’
मग?
कोणालाच येईना. मलाही कुठे येत होतं,
आदल्या रात्री भाकरी थापताना सुचेपर्यंत.
मग तो थांबला, मी म्हटलं.
ती घाबरली होती. तिनं प्रश्न विचारला,
त्यानं उत्तर दिलं, आणि पुन्हा थांबला.
ती हो म्हणेपर्यंत देवसुद्धा थांबला.
‘किती वेळ?’ एव्हरिस्टनं विचारलं.
लिहिलेलं नाही रे.

त्या दिवशी आम्ही नकार पाठ केला, सगळ्यांच्या घरचा.
नको. ना. नहीं.
जोविताच्या आजीचं कोंकणी नाका.
शिजूकडचं मलयाळम वेण्डा,
ते सगळ्यांना फार आवडलं, दारापर्यंत ओरडत गेले.

जोविता मागे राहिली.
गळ्यातल्या मेडलची दोरी केसांत अडकलेली.
सवयीनं माझा हात पुढे गेला.
‘नको टीचर. मी काढते.’

हात तसाच हवेत, खडूनं पांढरा.
मागे घेतला, पदराला पुसला
आणि थांबले.

बराच वेळ लागला तिला.
दोन केसही तुटले.